केबल वाजवून कशी घ्यावी?

बाजारात मडके घेताना बाई ते हातावर तोलते आणि बोटाच्या पेराने वाजवून पाहते. खणखणीत आवाज आला तर मडके पक्के भाजलेले आहे. बद्द आवाज आला तर कुठेतरी चीर आहे. जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यात कुंभार पिंपळगाव हे बाजाराचे गाव आहे. समर्थ रामदासांचे जन्मगाव जांब इथून जवळच. गावाच्या नावातच कुंभार असल्यावर मडक्याची पारख तिथे कुणाला शिकवायला नको.

आता समजा, याच गावातल्या एखाद्या शाळेला २५ संगणक मिळाले. ते एकमेकांना जोडायचे आहेत. मुख्याध्यापकांनी विज्ञानाच्या शिक्षकांना सांगितले, "जालन्याला जाताय ना, येताना केबल घेऊन या." दुकानदार विचारतो, "कॅट-५ई देऊ, कॅट-६ देऊ, की कॅट-८? आणि याच मालात एक स्वस्तातलीही आहे." सगळ्या केबली बाहेरून सारख्याच दिसतात. पैसा शाळेचा आहे आणि एकदा भिंतीवर बसवलेली केबल दहा-पंधरा वर्षे बदलली जाणार नाही. इथे पेराने वाजवून काही कळत नाही. मग पारख कशी करायची?

उत्तर शोधताना आठवी ते बारावीच्या पुस्तकांतले बरेच विज्ञान उपयोगी पडते. म्हणून हा विषय फक्त संगणक-शिक्षकांचा नाही.

आतली वाट आणि बाहेरची वाट

शाळेत दोन वेगवेगळ्या वाटा असतात. एक बाहेरची, म्हणजे इंटरनेटची. ती किती रुंद असेल हे गावापर्यंत आलेल्या जोडणीवर आणि दरमहा भरल्या जाणाऱ्या पैशांवर ठरते. दुसरी वाट आतली, म्हणजे संगणक ते संगणक. ती पूर्णपणे आपल्या हातात असते.

एक हिशेब करू. ७०० मेगाबाइटची एक शैक्षणिक चित्रफीत २५ संगणकांवर घ्यायची आहे. एका बाइटमध्ये ८ बिट, म्हणजे एक प्रत ५,६०० मेगाबिटची आणि २५ प्रती मिळून १,४०,००० मेगाबिट. बाहेरची वाट सेकंदाला २० मेगाबिटची धरली, तर प्रत्येक संगणकाने ती स्वतंत्रपणे उतरवून घ्यायला ७,००० सेकंद, म्हणजे जवळजवळ दोन तास लागतील. तीच फीत एकदाच उतरवून शाळेतल्या एका संगणकावर ठेवली आणि तिथून बाकीच्यांना दिली तर? त्या संगणकाची आतली जोडणी सेकंदाला १०० मेगाबिटची असेल तर १,४०० सेकंद, म्हणजे सुमारे २३ मिनिटे. सेकंदाला १,००० मेगाबिटची, म्हणजे १ गिगाबिटची असेल तर फक्त १४० सेकंद. प्रत्यक्षात याहून थोडा जास्त वेळ जातो, पण प्रमाण हेच राहते.

शाळेचा एक तास ३५-४० मिनिटांचा असतो. दोन तास, २३ मिनिटे आणि अडीच मिनिटे यांतला फरक म्हणजे पाठ होतो की बुडतो, हा फरक आहे. बालभारतीची ई-पुस्तके, किविक्सच्या मदतीने इंटरनेटशिवाय वाचता येणारा विकिपीडिया, चित्रफिती, प्रयोगांची सादरीकरणे हे सारे शाळेतल्याच एका संगणकावर ठेवता येते. बाहेरची वाट जिथे अरुंद, तिथे आतली रुंद असण्याचे महत्त्व अधिक.

इथरपासून इथरनेटपर्यंत

जवळजवळच्या संगणकांना जोडण्याच्या या पद्धतीला इथरनेट म्हणतात. अमेरिकेतील पालो अल्टो येथे झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ आणि डेव्हिड बॉग्ज यांनी १९७३ साली तिची सुरुवात केली. प्रकाशलहरींना वाहून नेणारे 'इथर' नावाचे सर्वव्यापी माध्यम असावे, अशी एकोणिसाव्या शतकातल्या शास्त्रज्ञांची कल्पना होती. मायकेलसन आणि मॉर्ले यांना १८८७ च्या प्रयोगात त्याचा मागमूस लागला नाही. ती कल्पना मागे पडली, पण सर्व संगणकांना सामाईक असलेल्या तारेला मेटकाफ यांनी तेच नाव दिले. त्या पहिल्या जोडणीचा वेग सेकंदाला २.९४ मेगाबिट होता.

सुरुवातीला एकच जाड समाक्ष केबल सर्व संगणकांजवळून फिरवत असत. दूरदर्शनच्या अँटेनाची केबल असते त्याच प्रकारची. १९९० च्या दशकात संगणक-कक्ष उभे करणाऱ्यांना तिचा त्रास आठवत असेल. एका ठिकाणी सांधा सैल झाला की सगळा कक्ष बंद. १९९० साली पीळ दिलेल्या तारांच्या जोड्यांवर चालणाऱ्या इथरनेटचे मानक आले. मग मध्यभागी एक वाटप-पेटी आणि तिच्यापासून प्रत्येक संगणकाला स्वतंत्र केबल, अशी मांडणी रूढ झाली. या पेटीची आजची आवृत्ती म्हणजे स्विच. आता एक केबल तुटली तर एकच संगणक बंद पडतो.

तारांना पीळ कशाला?

केबलचे आवरण सोलले की आत आठ तारा दिसतात. त्या दोन-दोनच्या चार जोड्यांत असतात आणि प्रत्येक जोडीला पीळ असतो. हा पीळ म्हणजे सगळ्या युक्तीचे मर्म आहे.

पंख्याची किंवा ट्यूबलाइटची तार शेजारून गेली असेल, तर तिच्या बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे आपल्या तारेत विद्युतदाब प्रवर्तित होतो. फॅरडेचा हा नियम आपण वर्गात शिकवतो. हा नको असलेला दाब म्हणजे 'गोंगाट'. जोडीतल्या दोन्ही तारांवर संदेश परस्परविरुद्ध चिन्हांनी पाठवला जातो आणि पलीकडचे यंत्र दोन तारांमधला फरक मोजते. गोंगाट मात्र दोन्ही तारांवर सारखाच उमटतो, त्यामुळे वजाबाकीत तो नाहीसा होतो. पण त्यासाठी दोन्ही तारा गोंगाटाच्या उगमापासून सारख्या अंतरावर हव्यात. पिळामुळे कधी ही तार जवळ, तर कधी ती. सरासरी अंतर सारखे होते. अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी टेलिफोनच्या तारांसाठी या युक्तीचे पेटंट १८८१ साली घेतले होते.

केबलमधल्या चारही जोड्यांचा पीळ मुद्दाम वेगवेगळा ठेवलेला असतो. तो सारखा असता, तर शेजारच्या दोन जोड्या सतत एकाच प्रकारे समोरासमोर येऊन एकीचा संदेश दुसरीत पाझरला असता. एक वीत केबल सोलून प्रत्येक जोडीचे वेढे मोजले की हे डोळ्यांनी दिसते.

तार संदेश गिळते

संदेश तारेतून जाताना क्षीण होत जातो. तारेला रोध असतो, हे पहिले कारण. दुसरे असे की, वारंवारता वाढली की विद्युतप्रवाह तारेच्या पूर्ण छेदातून न वाहता पृष्ठभागालगत वाहू लागतो. १०० मेगाहर्ट्झला तांब्यात तो मुख्यतः सुमारे ६.५ मायक्रोमीटर जाडीच्या थरातून वाहतो, आणि तार तर अर्ध्या मिलिमीटरची असते. म्हणजे बहुतेक तांबे वापरातच येत नाही. वेग वाढवायचा तर वारंवारता वाढवावी लागते आणि वारंवारता वाढली की तार अधिक गिळते. वेग आणि अंतर यांचे असे वाकडे आहे.

कॅट-५ई प्रतीच्या केबलमध्ये १०० मेगाहर्ट्झला १०० मीटरमागे सुमारे २२ डेसिबल घट होते. म्हणजे पाठवलेल्या शक्तीचा सुमारे १६० वा भागच पलीकडे पोचतो. तीच केबल २० मीटर असेल तर घट ४.४ डेसिबल, म्हणजे एक तृतीयांशापेक्षा जास्त शक्ती पोचते. अंतर पाचपट कमी केले तर पोचणारी शक्ती पाचपट नव्हे, सुमारे ५७ पट वाढली. थोड्या अंतरासाठी केबल निवडताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी. अंतर कमी असणे हीच मोठी सवलत आहे.

उन्हाचाही थोडा हिशेब आहे. तांब्याचा रोध दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.४ टक्के वाढतो. पत्र्याच्या छताखाली केबल ४५ अंशांवर पोचली, तर २० अंशांच्या तुलनेत तिचा रोध सुमारे दहा टक्क्यांनी वाढलेला असतो. २० मीटरला त्याने काही बिघडत नाही, पण ९५ मीटरची केबल पत्र्याखालून नेताना विचार करावा.

प्रती कोणत्या, कशासाठी?

'कॅट' म्हणजे प्रत किंवा वर्ग. कोणत्या वारंवारतेपर्यंत केबलची हमी आहे, ते या आकड्यावरून कळते.

कॅट-५ई : १०० मेगाहर्ट्झ. सेकंदाला १ गिगाबिट, १०० मीटरपर्यंत.
कॅट-६ : २५० मेगाहर्ट्झ. १ गिगाबिट १०० मीटरपर्यंत. १० गिगाबिट अनुकूल स्थितीत सुमारे ५५ मीटरपर्यंत.
कॅट-६ए : ५०० मेगाहर्ट्झ. १० गिगाबिट, १०० मीटरपर्यंत.
कॅट-८ : २,००० मेगाहर्ट्झ. २५ किंवा ४० गिगाबिट, पण फक्त ३० मीटरपर्यंत.

या १०० मीटरमध्ये भिंतीवरची ९० मीटर केबल आणि दोन्ही टोकांच्या सुट्या जोडकेबली मिळून १० मीटर, असा हिशेब असतो.

कॅट-७ चे नाव वर नाही, ते मुद्दाम. या प्रतीसाठी वेगळ्या प्रकारची टोके ठरवलेली आहेत आणि अमेरिकेच्या दूरसंचार मानक संस्थेने ही प्रत स्वीकारलेली नाही. नेहमीचे टोक लावून 'कॅट-७' म्हणून विकल्या जाणाऱ्या केबलला जास्त पैसे मोजण्यात अर्थ नाही. शिवाय अशा केबलींना धातूचे कवच असते. ते नीट भूसंपर्कित केले तरच त्याचा पूर्ण उपयोग होतो.

कॅट-८ ही विदा-केंद्रांतली केबल. तिथे शेजारशेजारच्या कपाटांतली यंत्रे जोडायची असतात. अंतर आणखी कमी असेल तर दोन्ही टोके कायमची बसवलेली समाक्ष तांब्याची केबल वापरतात. १० गिगाबिटसाठी तिची लांबी साधारण ७ मीटरपर्यंत असते. १०० गिगाबिटला ती पाच मीटरांवर येते. वेग वाढला की अंतर आखडते, हा नियम इथेही दिसतो.

आपल्या शाळेसाठी काय?

खोली १० मीटर लांब, ६ मीटर रुंद आहे. स्विच एका कोपऱ्यात. केबल भिंतीवर चढून, फिरून, खाली उतरली तरी सर्वांत दूरच्या संगणकाला २० मीटर पुरते. सरासरी ११ मीटर धरली तर २५ संगणकांना २७५ मीटर लागतील. केबलचे खोके ३०५ मीटरचे, म्हणजे एक हजार फुटांचे येते. एका खोक्यात काम भागते आणि ३० मीटर उरते.

या अंतराला गिगाबिटसाठी कॅट-५ई पुरेशी आहे. नव्याने बसवायची असेल आणि भावात थोडाच फरक असेल, तर कॅट-६ घ्यावी. पुढे १० गिगाबिट लागले तरी तीच चालेल. त्यापुढे जाण्याची गरज नाही. २०१६ साली आलेल्या मानकाने तर कॅट-५ई वरूनही १०० मीटरपर्यंत २.५ गिगाबिट नेण्याची सोय केली. तेव्हा भिंतीवर आधीच चांगली कॅट-५ई असेल तर ती उखडू नये.

वाचलेले पैसे स्विचवर खर्च करावेत. बैलगाड्यांच्या रांगेचा वेग सर्वांत हळू चालणाऱ्या गाडीइतकाच असतो. स्विच १०० मेगाबिटचा असेल तर कॅट-८ लावूनही १०० मेगाबिटच मिळतील.

स्वस्तातली केबल स्वस्त का?

आता त्या 'स्वस्तातल्या' केबलकडे वळू. तिच्या तारा पुष्कळदा अस्सल तांब्याच्या नसतात. आत ॲल्युमिनियम आणि वर तांब्याचा पातळ मुलामा असतो. विक्रेता म्हणेल, "प्रवाह पृष्ठभागातूनच वाहतो ना? मग आत काही का असेना!" युक्तिवाद ऐकायला शास्त्रीय आहे, पण अर्धाच खरा. संदेशात कमी वारंवारतेचाही मोठा भाग असतो आणि तो खोलवरून वाहतो. कॅमेरे किंवा वायफायची यंत्रे याच केबलमधून वीज घेत असतील, तर ती वीज पूर्ण छेदातून जाते. अशा केबलचा रोध तांब्याच्या सुमारे दीडपट असतो, म्हणून ती अधिक तापते. ॲल्युमिनियम वाकवताना लवकर तुटते आणि उघड्या टोकावर त्याचे ऑक्साइड साचून सांधा बिघडतो. केबलींच्या मानकांत अशी तार बसत नाही.

पारख अशी करावी. चाकूने तार खरवडून पाहावी. लालसर मुलाम्याखाली पांढरी चकाकी दिसली तर ॲल्युमिनियम समजावे. चुंबक लावून पाहावा. चिकटला तर आत लोखंड आहे. आणि मल्टिमीटरने रोध मोजावा. ३० मीटर केबलच्या एका जोडीची दूरची टोके एकत्र पिळावीत आणि जवळच्या दोन टोकांमधला रोध मोजावा. मापनतारांचा स्वतःचा रोध वजा करावा. ०.५१ मिमी जाडीच्या तांब्याच्या तारेला साधारण ५ ओहम मिळतात. कॅट-६ मध्ये बहुधा जाड तार असते, तिथे ४ ओहमच्या आसपास. ८ ओहमच्या जवळ आकडा आला तर तार मुलाम्याची आहे किंवा ठरल्यापेक्षा बारीक आहे. हेच केबलचे वाजवून घेणे. मल्टिमीटर प्रयोगशाळेत असतोच.

चूक टोकाशी होते

चांगली केबल आणूनही वेग मिळत नाही, याचे कारण बहुधा टोकाशी असते. टोकात आठ तारा डावीकडून अशा क्रमाने बसवतात : पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. हिरव्या जोडीच्या तारा तिसऱ्या आणि सहाव्या जागी जातात. हे विचित्र वाटते. नवखा माणूस म्हणतो, जोड्या ओळीनेच लावू, दोन्ही टोकांना सारख्या लावल्या की झाले. दिवे लागणारे साधे तपासणी-यंत्र अशा केबलला एक ते आठ दिवे ओळीने लावून 'बरोबर' म्हणते. पण तिसऱ्या-सहाव्या जागेचा संदेश आता दोन वेगळ्या जोड्यांच्या तारांवरून जातो आहे. त्या एकमेकींशी पिळलेल्या नाहीत! गोंगाटाची वजाबाकी होत नाही आणि जोडणी अडखळते. तार जोडली आहे याचा अर्थ ती संदेश नीट नेईल असा होत नाही. पीळ कशासाठी हे कळलेल्या विद्यार्थ्यालाच ही चूक शोधता येते.

टोकाशी पीळ १३ मिलिमीटरपेक्षा जास्त उलगडू नये. केबल काटकोनात मोडू नये. वळणाची त्रिज्या निदान अडीच सेंटिमीटर ठेवावी. विजेच्या तारेला समांतर न्यावी लागली तर ३० सेंटिमीटर अंतर ठेवावे, ओलांडावी लागली तर काटकोनात ओलांडावी. उंदरांपासून वाचवण्यासाठी पट्टीतून न्यावी.

गिगाबिटसाठी चारही जोड्या लागतात. १०० मेगाबिटला दोन पुरतात. म्हणून निळ्या किंवा तपकिरी जोडीतली एक तार सुटली तर बहुतेक यंत्रे मुकाट्याने १०० मेगाबिटवर उतरतात. जाळे 'चालू' दिसते, पण आपले अडीच मिनिटांचे काम २३ मिनिटांवर जाते आणि दोष संगणकांच्या वयाला दिला जातो. संगणकाच्या जोडणी-माहितीत वेग दिसतो. केबल बसवणाऱ्याला पैसे देण्यापूर्वी प्रत्येक संगणकावर तो पाहावा.

दोन इमारतींमध्ये तांबे नको

संगणक-कक्षातून मैदानापलीकडच्या दुसऱ्या इमारतीत जोडणी न्यायची असेल तर? अंतर ६० मीटर असले, म्हणजे १०० च्या आत असले, तरी उघड्यावरून तांब्याची केबल नेऊ नये. मराठवाड्यात मे-जूनमध्ये आणि परतीच्या पावसात विजा कोसळतात. वीज जवळपास पडली तरी लांब तारेत फार मोठा दाब प्रवर्तित होतो, शिवाय दोन इमारतींच्या जमिनीच्या विभवात फरक पडतो. तो फरक तांब्याच्या तारेतून वाट शोधतो. त्यात यंत्रे जळतात आणि जवळ बसलेल्या मुलालाही धोका असतो.

इथे प्रकाशतंतू वापरावा. काच वीज वाहून नेत नाही. दोन्ही टोकांना विद्युत-संदेशाचा प्रकाश आणि प्रकाशाचा विद्युत-संदेश करणारी छोटी पेटी लागते. मात्र प्रकाशतंतूच्या केबलमध्ये आधारासाठी कधी कधी पोलादी तार असते. बिनधातूची मागून घ्यावी. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद येथे महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. तिथल्या ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या सुमारे २५ किलोमीटरच्या टापूत पसरल्या आहेत. त्या केंद्रीय इमारतीशी प्रकाशतंतूनेच जोडल्या आहेत. तिथे अंतर मोठे, आपले लहान. पण काच कुठे आणि तांबे कुठे, हा विचार तोच.

वर्गात करून पाहा

१. एक मीटर केबल सोलून आठही तारांवरचे प्लॅस्टिक काढा आणि तारा प्रयोगशाळेच्या किंवा सोनाराच्या तराजूवर तोला. ०.५१ मिमी जाडीचे तांबे असेल तर वजन सुमारे १५ ग्रॅम भरेल, मुलाम्याचे ॲल्युमिनियम असेल तर साडेपाच-सहा ग्रॅम. जाडी स्क्रूगेजने मोजून घनता काढा.

२. उरलेल्या ३० मीटर केबलचा रोध सकाळी सावलीत आणि दुपारी उन्हात तापल्यावर मोजा. फरक थोडा असेल. चारही जोड्या एकापुढे एक जोडून मोजल्या तर तो स्पष्ट दिसेल.

३. केबलमधून संदेश सेकंदाला सुमारे २० कोटी मीटर वेगाने जातो. गिगाबिट इथरनेटमध्ये प्रत्येक जोडीवर दर ८ नॅनोसेकंदांनी एक नवे स्पंद सुटते. एका क्षणी २० मीटर केबलमध्ये एका जोडीवर किती स्पंदे वाटेत असतील? (उत्तर : एका स्पंदाची लांबी १.६ मीटर, म्हणून १२ ते १३.)

हे तीन प्रयोग केलेला विद्यार्थी दुकानात शिक्षकांबरोबर गेला, तर केबलच्या आवरणावरचा आकडा वाचून तो थांबणार नाही. खिशातून चाकू काढून म्हणेल, "काका, जरा एक टोक सोलून पाहू का?"